थॉमस जेफरसन : डोंगरावरचा धनी



चार जुलै म्हटले की आपली मंडळाची पिकनिक, पार्कातले बार्बेक्यूवरचे मक्याचे कणीस, कुणीतरी घरून करून आणलेली भेळ आणि रात्रीची आतषबाजी. परत येताना मुले गाडीत झोपतात आणि आपला स्वातंत्र्यदिन संपतो. ज्या कागदामुळे हा दिवस साजरा होतो तो लिहिणारा माणूस आपल्या सगळ्यांच्या खिशात असतो. पाच सेंटच्या नाण्याच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला त्याचे घर. भारतातून आई-बाबा आले की वॉशिंग्टन डीसीच्या यादीत त्याचे घुमटाचे स्मारकही असतेच. चेरीच्या झाडांखाली फोटो काढायचा आणि पुढे निघायचे, एवढीच आपली त्याची ओळख.

आमच्या घरी ही ओळख जरा वाढली ती मुलीच्या शाळेमुळे. व्हर्जिनियात चौथीला राज्याचा इतिहास असतो. वर्गात प्रत्येकाला एक ऐतिहासिक व्यक्ती वाटून दिली होती, आमच्या वाट्याला थॉमस जेफरसन आला. पुठ्ठ्याचा बोर्ड, कापसाचा पांढरा विग वगैरे सगळे झाले. रात्री झोपताना तिने विचारले की सगळी माणसे समान आहेत असे लिहिणाऱ्याच्या घरी स्वयंपाक कोण करत होते? आम्हाला उत्तर ठाऊक होते, पण ते नऊ वर्षांच्या मुलीला कसे सांगावे ते सुचेना. त्यानंतर आम्ही दोघांनी लायब्ररीतून पुस्तके आणली, दोनदा मॉन्टिचेलोला जाऊन आलो. हा लेख त्यातूनच झाला.

जेफरसनचा जन्म १३ एप्रिल १७४३चा, व्हर्जिनियातल्या शॅडवेल या मळ्यावरचा. वडील पीटर जमीन मोजणारे, नकाशे करणारे कर्तबगार गृहस्थ. आई रॅन्डॉल्फ घराण्यातली, म्हणजे व्हर्जिनियातले अगदी वरचे घराणे. थॉमस चौदा वर्षांचा असताना वडील गेले. मागे हजारो एकर जमीन ठेवली आणि ती कसणारी गुलाम माणसेही ठेवली. आपल्याकडे वाटण्यांच्या कागदात गाई-बैल लिहीत, तशी इथे माणसे लिहिलेली असत.

विल्यम्सबर्गला विल्यम अँड मेरी कॉलेजात तो शिकला. मग जॉर्ज विथ या नामांकित वकिलाच्या हाताखाली कायदा शिकला आणि १७६७ मध्ये वकिली सुरू केली. वाचनाचे वेड विलक्षण. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, व्हायोलिन, गणित, शेती, घरबांधणी, हवामान, काही म्हणून सोडायचे नाही. १७७० मध्ये शॅडवेलचे घर जळाले तेव्हा सर्वांत मोठे दुःख पुस्तके गेल्याचे झाले. तोवर जवळच्या टेकडीवर नवे घर बांधायला त्याने सुरुवात केली होतीच. तेच मॉन्टिचेलो. हे घर तो पुढची चाळीस वर्षे बांधत आणि पाडत राहिला.

१ जानेवारी १७७२ रोजी त्याने मार्था वेल्स स्केल्टन या तरुण विधवेशी लग्न केले. पुढच्याच वर्षी सासरे जॉन वेल्स वारले. वारसा म्हणून अकरा हजार एकर जमीन आली, १३५ गुलाम आले आणि सासऱ्यांचे भलेमोठे कर्जही आले. या १३५ जणांत एलिझाबेथ हेमिंग्ज नावाची बाई आणि तिची मुले होती. त्यांतली सहा मुले जॉन वेल्सचीच. म्हणजे ती मार्थाची सावत्र भावंडे. सर्वांत धाकटी सॅली, तेव्हा पाळण्यातली. सख्ख्या बापाची एक मुलगी घरची मालकीण आणि दुसरी तिची मालमत्ता, हे त्या काळच्या व्हर्जिनियात सर्वांना ठाऊक असे आणि कुणी बोलत नसे.

आता १७७६. फिलाडेल्फियाला सर्व वसाहतींचे प्रतिनिधी जमले होते. जाहीरनाम्याचा मसुदा करायला पाच जणांची समिती नेमली. त्यात जॉन ॲडम्स होते, बेंजामिन फ्रँकलिन होते, पण लिहिण्याचे काम आले तेहतीस वर्षांच्या जेफरसनकडे. तो बोलण्यात कच्चा, सभेत तोंड उघडायला लाजणारा, पण त्याच्या हातात लेखणी दिली की विचारायची सोय नाही. ग्राफ नावाच्या गवंड्याच्या घरात भाड्याच्या खोल्यांत बसून जून महिन्यात त्याने तो मसुदा लिहिला. सर्व माणसे जन्मतः समान आहेत आणि जगणे, स्वातंत्र्य व सुखाचा शोध हे त्यांचे हिरावून न घेता येणारे हक्क आहेत, हा त्याचा गाभा. त्याच खोल्यांत त्याचे कपडे-पाणी बघायला चौदा वर्षांचा रॉबर्ट हेमिंग्ज होता. एलिझाबेथचा मुलगा, म्हणजे नात्याने जेफरसनचा मेहुणा आणि कायद्याने त्याचा गुलाम.

मसुद्यात जेफरसनने आणखी एक परिच्छेद घातला होता. आफ्रिकेतून माणसे पळवून आणण्याच्या व्यापाराबद्दल त्याने इंग्लंडच्या राजाला जबर दोष दिला होता. प्रतिनिधींनी तो परिच्छेद काढून टाकला. दक्षिणेतल्या दोन राज्यांना तो नको होता, आणि उत्तरेतल्या काही मंडळींची जहाजे त्याच धंद्यात होती. जेफरसन पुढे अनेक वर्षे त्याबद्दल कुरकुरत राहिला.

त्याच्या हिशेबाच्या वहीत ४ जुलै १७७६ या दिवसाची नोंद आहे. थर्मामीटर विकत घेतला आणि बायकांचे हातमोजे सात जोड. देश जन्माला आला त्या दिवशी हा गृहस्थ हवेचे तापमानही लिहून ठेवतो. आमच्या घरातल्या एका इंजिनिअरला हे वाचून फार आनंद झाला.

व्हर्जिनियात परतल्यावर त्याने जे काम केले त्याचे मोल आपल्यासारख्यांनी तरी विसरू नये. धर्मस्वातंत्र्याचा कायदा त्याने १७७७ मध्ये लिहिला. तोवर व्हर्जिनियात एकाच चर्चला सरकारी मान होता आणि इतर पंथांच्या प्रवचनकारांना तुरुंगातही टाकत. जेफरसनचे म्हणणे असे की कोणी कोणता देव मानावा किंवा मानू नये यात सरकारने पडू नये, आणि धर्मावरून कोणाचे नागरी हक्क कमी-जास्त होऊ नयेत. कायदा मंजूर व्हायला १७८६ साल उजाडले. जेफरसन तेव्हा पॅरिसला होता आणि किल्ला जेम्स मॅडिसनने लढवला. कायद्यात येशू ख्रिस्ताचे नाव घालावे अशी सूचना आली होती, ती बहुमताने फेटाळली गेली. म्हातारपणी आत्मवृत्त लिहिताना जेफरसनने याचा समाधानाने उल्लेख केला आणि या कायद्याच्या छत्राखाली ज्यू, मुसलमान आणि हिंदूसुद्धा यावेत हाच हेतू होता असे नमूद केले. हिंदू हा शब्द त्याने खरोखर लिहिला आहे. त्या वेळी व्हर्जिनियात आपले कोण होते? आज गणपतीच्या दिवसांत शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन आपण आरती करतो आणि कोणी हरकत घेत नाही, त्याच्या मुळाशी हा कागद आहे.

हा सगळा काळ घरात मात्र दुःखाचा होता. क्रांतियुद्धात तो व्हर्जिनियाचा गव्हर्नर होता. १७८१ मध्ये ब्रिटिश घोडदळ मॉन्टिचेलोवर चालून आले तेव्हा त्याला घोड्यावरून निसटावे लागले. विरोधकांनी पुढे आयुष्यभर त्याला पळपुटा म्हणून डिवचले. दहा वर्षांत मार्थाला सहा मुले झाली, त्यांतल्या दोन मुलीच मोठ्या झाल्या. सप्टेंबर १७८२ मध्ये मार्था गेली. पुन्हा लग्न करणार नाही असे वचन त्याने तिला दिले होते असे सांगतात. वचन त्याने पाळले. पुढची हकीकत कळल्यावर त्या वचनाचे काय म्हणावे ते आम्हाला कळत नाही.

१७८४ ते १७८९ ही पाच वर्षे तो पॅरिसला होता, बराचसा काळ अमेरिकेचा वकील म्हणून. निघण्यापूर्वी त्याने काँग्रेसपुढे एक योजना मांडली होती की पश्चिमेकडे जी नवी राज्ये होतील तिथे १८०० सालानंतर गुलामगिरी नसावी. ती एका मताने पडली. न्यू जर्सीचा एक प्रतिनिधी त्या दिवशी आजारी होता म्हणून. एका माणसाच्या दुखण्याने केवढे पारडे फिरले हे वाचून चुटपुट लागते. ही योजना मांडणारा तरुण जेफरसन खराच होता, यात आम्हाला शंका नाही.

पण त्याच सुमारास त्याने व्हर्जिनियाविषयी एक पुस्तक लिहिले, ते १७८५ मध्ये पॅरिसला छापले गेले. त्यात गुलामगिरी मालकाला आणि गुलामाला दोघांनाही कशी नासवते याचे वर्णन आहे, देव न्यायी आहे या विचाराने आपला थरकाप होतो अशी कबुली आहे. आणि त्याच पुस्तकात काळी माणसे बुद्धीने गोऱ्यांपेक्षा उणी असावीत असा तर्कही आहे, तो शास्त्रीय भाषेत, निरीक्षणे मांडल्याच्या थाटात. त्यांना मुक्त केले तर देशाबाहेर पाठवावे लागेल, दोन्ही वंश एकत्र नांदणे शक्य नाही, असे त्याचे मत. हे मत शेवटपर्यंत बदलले नाही. १७९१ मध्ये बेंजामिन बॅनेकर या काळ्या गणितज्ञाने आपले पंचांग पाठवून त्याला या लिखाणाबद्दल पत्राने जाब विचारला. जेफरसनने सभ्य उत्तर दिले आणि पुढे मित्राला लिहिताना बॅनेकरच्या बुद्धीबद्दल शंका काढली. आपल्याकडे अमुक जातीला विद्या येणारच नाही म्हणणारे विद्वान होऊन गेले, त्यांचीच आठवण झाली.

पॅरिसला जाताना त्याने सॅलीचा भाऊ जेम्स हेमिंग्ज याला फ्रेंच स्वयंपाक शिकण्यासाठी बरोबर नेले. १७८७ मध्ये धाकट्या मुलीला बोलावून घेतले, तेव्हा तिच्या सोबतीला चौदा वर्षांची सॅली आली. फ्रान्समध्ये कायद्याने गुलामगिरी चालत नव्हती. दोघा भावंडांनी तिथल्या कोर्टात अर्ज केला असता तर सुटका होऊ शकली असती.

सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वर्तमानपत्राला आपली हकीकत सांगितली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पॅरिसलाच त्याच्या आईला जेफरसनपासून दिवस गेले. ती परत यायला तयार नव्हती. तेव्हा तुझी मुले एकवीस वर्षांची झाली की मोकळी करीन असा शब्द जेफरसनने दिला आणि त्यावर ती आली. ती सोळा वर्षांची, तो सेहेचाळीसचा, आणि ती कायद्याने त्याच्या मालकीची. याला नाते म्हणायचे का, प्रेम म्हणायचे का, यावर पुस्तकेच्या पुस्तके आहेत. आम्ही तो शब्द वापरणार नाही. जिला नाही म्हणण्याचा हक्क नव्हता तिच्या होकाराला काय किंमत? तरीही त्या मुलीने परदेशात एकटीने त्या काळच्या एका मोठ्या मुत्सद्द्याशी सौदा केला आणि तो पाळायला लावला, हेही खरे.

सॅलीला सहा मुले झाली, चार जगली. १८०२ मध्ये कॅलेंडर नावाच्या बातमीदाराने रिचमंडच्या वर्तमानपत्रात हे प्रकरण छापले. तेव्हा जेफरसन राष्ट्राध्यक्ष होता. त्याने जाहीरपणे हो किंवा नाही काहीच म्हटले नाही. घरच्या लोकांनी पुढे भाच्यांवर आळ घेतला. दीडशे वर्षांहून अधिक काळ बहुतेक इतिहासकारांनी जेफरसनच्या नातवंडांचे म्हणणे खरे मानले आणि मॅडिसनचे खोटे. ॲनेट गॉर्डन-रीड या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९९७ मध्ये पुस्तक लिहून हे माप कसे दुटप्पी होते ते दाखवले. १९९८ मध्ये डीएनए चाचणी झाली. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचा नमुना जेफरसन घराण्याच्या पुरुषवंशाशी जुळला, भाच्यांच्या वंशाशी जुळला नाही. घराण्यातला दुसरा कोणी असू शकेल असे म्हणणारे अजूनही आहेत, पण मॉन्टिचेलो सांभाळणाऱ्या संस्थेने २००० मध्ये सर्व पुरावा तपासून मॅडिसनची बाजू उचलून धरली, आणि २०१८ पासून तिथे सॅलीच्या नावाचे दालन आहे. तिचे एकही चित्र उपलब्ध नाही, म्हणून भिंतीवर फक्त सावली दाखवली आहे. आम्ही गेलो तेव्हा त्या खोलीत शाळेची मुलेसुद्धा गप्प झाली होती.

राजकारणाचा भाग पुस्तकांत भरपूर सापडतो, म्हणून थोडक्यात सांगतो. वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात तो परराष्ट्रमंत्री होता, तिथे अलेक्झांडर हॅमिल्टनशी त्याचे उभे वैर जुळले. हॅमिल्टनला मजबूत केंद्र सरकार आणि बँका हव्या होत्या, जेफरसनला शेतकऱ्यांचा देश आणि लहान सरकार. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि ॲरन बर यांना ७३-७३ मते पडली आणि छत्तिसाव्या फेरीत प्रतिनिधीगृहाने जेफरसनला निवडले. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. राज्यघटनेप्रमाणे मतदारवृंदातली राज्यांची मते मोजताना गुलामांची तीन-पंचमांश गणती धरत. गुलामांना मत नाही, पण त्यांच्या संख्येवर मालकांच्या राज्यांना जादा मते. ती जादा मते नसती तर ॲडम्स जिंकले असते असे अनेक अभ्यासक मानतात.

सरकारने घटनेत लिहिले आहे तेवढेच करावे असे जन्मभर सांगणाऱ्या या माणसाने १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला नेपोलियनकडून लुइझियानाचा मुलूख घेतला आणि देश एका झटक्यात दुप्पट केला. घटनेत अशा खरेदीचा अधिकार कुठेच नव्हता. त्याने आधी घटनादुरुस्तीचा मसुदाही केला, मग नेपोलियनचे मन फिरेल या भीतीने तो खिशात ठेवला. नेपोलियनने मुलूख विकला याचे एक मोठे कारण म्हणजे हैतीतल्या गुलामांनी बंड करून त्याच्या फौजेची केलेली वाताहत. त्या हैतीशी जेफरसनच्या सरकारने १८०६ मध्ये व्यापार बंद केला. आपल्या गुलामांनी हा कित्ता गिरवू नये हीच भीती.

आणि तरीही १८०७ मध्ये परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही त्याचीच. डिसेंबर १८०५ मध्ये ट्युनिशियाचा वकील रमजानचा उपास करत होता, म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या घरची जेवणाची वेळ त्याने सूर्यास्तावर नेली.

आणखी एक सही आपल्या सर्वांच्या आयुष्यात आहे. ॲडम्सच्या कारकिर्दीत नागरिकत्वासाठी चौदा वर्षे थांबावे लागे. जेफरसनने १८०२ मध्ये ती मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली. ग्रीन कार्ड मिळाल्यावर आपण बोटांवर जी पाच वर्षे मोजतो, ती हीच. मात्र त्याच कायद्यात, आधीच्या १७९० च्या कायद्याप्रमाणे, अर्जदार स्वतंत्र आणि गोरा असावा ही अट होती. त्या गोऱ्या शब्दापायी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारले, आणि आधी मिळालेल्या अनेक भारतीयांचेही काढून घेतले गेले. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, नाव ऐकूनच आपले वाटणारे. त्यांचे स्वतःचे १९१४ चे नागरिकत्व रद्द करायला सरकार उठले, ते मात्र त्यांनी कोर्टात लढून टिकवले. भारतीयांना हे दार उघडायला १९४६ साल यावे लागले. जेफरसनने दार उघडले तेव्हा त्याच्या मनात आपण नव्हतो.

मॉन्टिचेलोला गेलात तर जेवणघर नीट बघा. तळघरातून दारूच्या बाटल्या वर आणणारी लहानशी लिफ्ट शेकोटीच्या बाजूला दडवली आहे. एका दाराला उलट बाजूने फळ्या लावल्या आहेत. वाढप्याने बाहेरून त्यावर ताटे मांडायची आणि दार फिरवायचे, की ताटे आत. फार कौतुक वाटते. मग लक्षात येते की पाहुण्यांना गुलाम कमीत कमी दिसावेत अशीही ही सोय आहे. टेकडीच्या उतारावर हजार फूट लांबीचा भाजीचा मळा आहे, तीनशेहून अधिक जाती लावलेल्या. भेंडी आणि वांगीही त्याने लावली होती. भेंडी इथे आली ती आफ्रिकेच्या माणसांबरोबर. गुलाम कुटुंबे आपापल्या परसात भाज्या लावत आणि जेफरसनच्या घरचे त्यांच्याकडून त्या विकत घेत, त्याचे हिशेब आहेत.

लाकडी खोपटांत एका वेळी शंभर-सव्वाशे माणसे राहत. आयुष्यभरात त्याच्या मालकीची सहाशेहून जास्त माणसे झाली. हयातीत त्याने कायदेशीररीत्या मुक्त केली फक्त दोन, रॉबर्ट आणि जेम्स हेमिंग्ज. जेम्सला तर भावाला सगळा फ्रेंच स्वयंपाक शिकव, मग सोडतो, असे लेखी करून घेतले. जेम्स १७९६ मध्ये सुटला. १८०१ मध्ये त्याने आत्महत्या केली. टेकडीवर खिळ्यांचा कारखाना होता, तिथे दहा ते सोळा वर्षांची मुले काम करत. कोणी किती खिळे पाडले आणि किती लोखंड वाया घालवले हे मालक स्वतः लिहून ठेवी.

त्या काळात सगळेच तसे होते, असे आम्ही आधी मुलीला सांगणार होतो. पण सगळे तसे नव्हते. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपल्या मालकीचे गुलाम मुक्त केले. एडवर्ड कोल्स या शेजारच्या तरुणाने १८१४ मध्ये जेफरसनला पत्र लिहून गुलामगिरीविरुद्ध पुढे येण्याची गळ घातली. जेफरसनने वयाचे कारण सांगितले, हे काम तरुणांचे म्हणाला, आणि कोल्सलाही गुलाम न सोडण्याचा सल्ला दिला. कोल्सने आपली माणसे इलिनॉयला नेऊन मुक्त केली, वर जमिनी दिल्या. पोलंडचा सेनानी कोशियुश्को जेफरसनचा जिवलग मित्र. त्याने अमेरिकेतला आपला सगळा पैसा गुलामांना सोडवून शिक्षण द्यायला ठेवला आणि अंमलबजावणी जेफरसनवर सोपवली. स्वतःचे गुलामही जेफरसनला त्यातून सोडवता आले असते. मित्र १८१७ मध्ये वारल्यावर त्याने ती जबाबदारी घेतली नाही. शेवटी १८५२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो पैसा पोलंडच्या नातेवाइकांना दिला.

असे का? एक उत्तर कर्जात आहे. हा माणूस दररोजचा जमाखर्च पैपैने लिही, पण बेरीज-वजाबाकी करून एकूण आपण कुठे आहोत ते बघत नसे. सासऱ्यांचे कर्ज, फ्रेंच दारू, पुस्तके, पाहुण्यांची रीघ, सतत चाललेले बांधकाम. १८१५ मध्ये त्याने आपली सहा हजारांवर पुस्तके २३,९५० डॉलरला काँग्रेसला विकली, त्यांवर आजची लायब्ररी ऑफ काँग्रेस उभी आहे, आणि लगेच नवी पुस्तके घ्यायला लागला. मग एका व्याह्यासाठी वीस हजार डॉलरला जामीन राहिला आणि तो बुडाला. कर्ज एक लाखाच्या वर गेले. गुलाम हेच त्याचे तारण होते. पण हे कारण पुरेसे आहे असे आम्हाला वाटत नाही. कर्ज होते म्हणून गुलाम ठेवले हे जितके खरे, तितकेच गुलाम होते म्हणून तसे राहता आले हेही खरे.

म्हातारपणी त्याने व्हर्जिनिया विद्यापीठ उभारले. इमारतींचे आराखडे, अभ्यासक्रम, प्राध्यापकांची निवड, सगळे स्वतः. मध्यभागी चर्च न ठेवता ग्रंथालय ठेवले. विटा भाजल्या आणि भिंती चढवल्या त्या बऱ्याचशा गुलामांनी. तिथेच आता त्यांचे दगडी कड्यासारखे स्मारक आहे, २०२१ मध्ये त्याचे रीतसर समर्पण झाले. आपल्यापैकी किती जणांची मुले त्या विद्यापीठात शिकली! पदवीदानाला गेलात तर पाच मिनिटे तिथे थांबा.

जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी गेला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी. त्याच दिवशी काही तासांनी मॅसॅच्युसेट्सला जॉन ॲडम्सही गेले. थडग्यावर काय कोरायचे ते त्याने लिहून ठेवले होते. जाहीरनामा, धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि विद्यापीठ. राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेख नाही. मृत्युपत्रात पाच गुलामांना मुक्त केले, त्यांत मॅडिसन आणि एस्टन होते. त्यांची थोरली भावंडे आधीच कोणी न अडवता निघून गेली होती. सॅलीला दिलेला शब्द अशा रीतीने पाळला गेला. सॅलीचे नाव मृत्युपत्रात नाही.

मॅडिसनची ती मुलाखत ज्या १८७३ सालची, त्याच साली पुण्यात महात्मा जोतिराव फुल्यांनी गुलामगिरी हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. जोतिरावांवर संस्कार थॉमस पेनच्या ग्रंथांचा, आणि पेनला सगळ्यांनी वाळीत टाकले असताना अमेरिकेत परत बोलावणारा जेफरसनच. जेफरसनने लिहिलेले शब्द त्याच्या टेकडीवरून उतरून कुठल्या कुठे पोहोचले, आणि त्याच्या स्वतःच्या खोपटांपर्यंत मात्र पोहोचले नाहीत. आम्हाला तरी हा माणूस अजून नीट उलगडलेला नाही. न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमधला त्याचा पुतळा २०२१ मध्ये हलवला, तेव्हा आमच्या दोघांतच जोरदार वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

मृत्युपत्राने सुटलेल्या पाचांत जोसेफ फॉसेट हा लोहार होता. त्याची बायको ईडिथ राष्ट्राध्यक्षांच्या घरची आचारीण. तिला आणि मुलांना मुक्ती नव्हती. जानेवारी १८२७ मध्ये कर्ज फेडण्यासाठी मॉन्टिचेलोवर लिलाव पुकारला. खुर्च्या, गुरे, धान्य आणि १३० माणसे. ईडिथ आणि मुले वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना गेली. जोसेफने ऐरणीवर राबून त्यांतल्या काहींना वर्षानुवर्षांनी परत विकत घेतले. मुलगा पीटर लिलावात गेला तेव्हा अकरा वर्षांचा होता. चोरून लिहायला-वाचायला शिकला, दोनदा पळायचा प्रयत्न केला, १८५० च्या सुमारास घरच्यांनी वर्गणी जमवून त्याला सोडवला. सिनसिनाटीत त्याने जेवणावळींचा धंदा केला आणि चर्चचा पाद्री झाला. १९०० मध्ये, पंचाऐंशीच्या घरात असताना, चर्चच्या लोकांनी पैसे जमवून त्याला एकदा मॉन्टिचेलो बघायला पाठवले.

मुलीच्या बोर्डावर शेवटी जेफरसनच्या बाजूला पीटर फॉसेटचाही फोटो लावला. विग कोणी घालायचा यावरून घरात थोडी भांडणे झाली, पण दोन मिनिटांचे भाषण तिने पीटरचे केले.